सूचना : होता होता टळलेली चूकही सांगा

वॉर्डातील सर्व सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामांना नमस्कार.

येत्या शनिवारी दुपारी ड्युटी बदलताना, हँडओव्हर झाल्यावर पंधरा मिनिटे थांबायचे आहे. विषय एकच : होता होता राहिलेल्या चुका. उदाहरणार्थ, पोटॅशियम क्लोराइड (थेट शिरेत दिले तर हृदय बंद पाडू शकणारे औषध) आणि डिस्टिल्ड वॉटरची अँप्यूल. दोन्हींतले औषध पाण्यासारखे, आकार जवळपास सारखा, आणि रात्री तीनला दोन्ही एकाच ट्रेमध्ये. कोणी हातात घेऊन, लेबल वाचून परत ठेवले असेल तर ते सांगा. ट्रे वेगळा करणे सोपे आहे, पण आधी कळायला हवे.

कोणाचेही नाव लिहिले जाणार नाही, मेमो निघणार नाही. मेट्रनशी बोलूनच हे लिहीत आहे.

संशोधक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. त्यात चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त आढळली, कारण तिथे लोक न घाबरता बोलत होते.

सीनियर मंडळींना कळकळीची विनंती : नवीन मुलीने डोस पुन्हा विचारला, तर "एवढंही येत नाही का?" असे म्हणू नका. पुढच्या वेळी ती गप्प बसेल आणि भोगेल पेशंट. फोनवरची ऑर्डर डॉक्टरांना परत वाचून दाखवा. ते चिडले तरी वाचा, मी पाठीशी आहे.

सर्वांसमोर बोलायचे नसेल तर मला वैयक्तिक मेसेज करा. नाइटवाल्यांनी झोपमोड करून येऊ नये, त्यांच्याशी मी रात्री राउंडला बोलेन.

– इन्चार्ज सिस्टर