तुपाच्या थेंबाखालचे जंतू

प्रिय विजय,

परळवरून जाताना 'हाफकिन' ही पाटी इतकी वर्षं वाचली, पण हा माणूस कोण हे कधी विचारलं नाही, असं तू लिहिलंस. मी जन्मभर लॅबमध्ये जंतू वाढवले, मला आता राहवत नाही.

जंतुशास्त्राची आपली पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात निघाली, पण गुराढोरांच्या रोगांसाठी. पुढे ती हिमालयाच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. माणसांसाठी प्लेगच यावा लागला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आला. जन्म ओडेसाचा, काम पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधलं. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस घेऊन तो आधीच हिंदुस्थानात आलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जेमतेम जागा मिळाली. हाताखाली एक कारकून, तीन शिपाई.

आणि प्लेगची लस करायची त्याची रीत बघ. चंबूत मांसरस, त्यात प्लेगचे जंतू, वर तुपाचे थेंब. चंबूला जराही धक्का लागू द्यायचा नाही, विरजण लावलेल्या भांड्यासारखं जपायचं. काही दिवसांनी थेंबांखालून पांढुरके धागे लोंबू लागतात, वडाच्या पारंब्या जशा. मग चंबू हलवायचा. पारंब्या तुटून तळाशी बसतात नि वर नव्या फुटतात. असं कित्येक आठवडे. शेवटी सगळे जंतू तापवून मारायचे, की झाली लस. १० जानेवारी १८९७ ला त्यानं ती आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी टोचून घेतली.

मला सलतं ते पुढचं. १९०२ साली पंजाबात मुलकोवालला लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीच झालं नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, असं साक्षीत निघालं. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे आमच्याकडचा शिकाऊ मुलगाही सांगेल. तरी ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर, आणि हाफकिन निलंबित! हिवताप डासांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉससारख्यांनी वर्तमानपत्रातून आवाज उठवला, तेव्हा कुठे १९०७ मध्ये त्याच्यावरचा डाग गेला. पाच वर्षं, विजय. त्याच प्रयोगशाळेची पुढे परळची संस्था झाली, तिला त्याचं नाव लागलं १९२५ साली.

पुढच्या महिन्यात मी मुंबईत आहे. संस्थेच्या आत संग्रहालय आहे, दोघं मिळून जाऊ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद