सोलर जमलं, पण गाडी उभी कुठं करायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात छपरावरच्या सोलरला मिळणाऱ्या पीएम सूर्यघरच्या सबसिडीची माहिती अधनंमधनं येते, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये वगैरे, चांगलंच आहे ते, पण घर एका जागी असलं तर. आमचं छप्पर आता चाकावर जायलंय म्हणून हे पत्र. मी, बायको आणि दोन पोरं, बेळगावच्या वडगावातलं भाड्याचं घर सोडून ट्रॅव्हलर गाडीमध्ये कायमचं राहायच्या तयारीत आहोत. फिरायला नव्हे हं, राहायलाच. काकी म्हणाली, कर्नाटक सरकारच्या गृहज्योतीत २०० युनिटपर्यंत लाईट फुकट मिळायलीय ती सोडून कुठं निघालास बाबा. तिला म्हटलं, आम्हाला महिन्याला पन्नासेक युनिट बास होतंय आणि तेवढं आमचं आम्हीच करणार.

हिशोब सोपा आहे बघा. बारा व्होल्टचा फ्रिज, दोन कमी वीज खाणारे बीएलडीसी फॅन, माझा लॅपटॉप, पाण्याचा पंप, दिवे, सगळं धरून दिवसाला पावणेदोन युनिट. टपावर ८०० वॉटचे पॅनल, आत २०० एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिटचा साठा. घरातल्या इन्व्हर्टरची जुनी ट्यूब्युलर बॅटरीच टाक की असं सगळे सांगतात, पण ती एकच पन्नास किलोच्या वर जाते आणि अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, गाडीत वजन म्हणजे डिझेल. इंडक्शन मात्र आम्ही घेतलेलाच नाही, अर्धा तास चालवला तरी युनिटभर वीज खातो, भाकरीला पाच किलोचा छोटा सिलिंडरच बरा, तो पत्त्याचा पुरावा न मागता नुसत्या आयडीवर मिळतो आणि आमच्याकडं उद्या पत्ताच राहणार नाही.

पॅनलचा सांगाडा उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, करून घेतला. पॅनल तापला की वीज कमी देतो म्हणून खाली चार बोटं जागा सोड म्हटलं तर फॅब्रिकेटर म्हणाला, हायवेला वारं शिरून सगळं उडंल ओ, मग त्यानंच पुढच्या बाजूला तिरकी पत्र्याची पट्टी मारून दिली, वारं वरनं जातंय आणि जागा पण राहिली. मिस्त्री माणसाचं डोकं ते डोकंच. सावलीची गंमत वेगळीच, मे महिन्यात गाडी झाडाखाली लावली तर आत गार वाटतंय पण पॅनल झोपला, उन्हात लावली तर बॅटरी फुल आणि माणसं भाजली. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक, जोडलेल्या पॅनलवर एका कोपऱ्यात फांदीची सावली पडली तरी सगळ्यांचीच वीज पडते, म्हणून आम्ही पॅरलल, म्हणजे शेजारी शेजारी, जोडले.

खरी अडचण पावसाळ्याची. जांबोटी, चोर्ल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा ८०० वॉट असूनसुद्धा पॅनल फ्रिजपुरतीसुद्धा वीज देतील की नाही शंका, आणि गाडीच्या अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर वीज करणाऱ्या यंत्रावर, चार्जिंग करायचं तर तासभर चालवून अर्धा युनिट पण हाती लागत नाही. म्हणून ठरवलंय की पावसाळ्यात पश्चिमेला थांबायचंच नाही, अथणी-गोकाककडं सरकायचं, तिकडं पाऊस बेताचा, धनगर पण मेंढरं घेऊन तेच करतात की.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. साध्या ट्रॅव्हलरच्या सीटा काढून पलंग ठोकला आणि झालं असं नसतं, गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम आडवं येतंय, गाडी मोटर कॅरव्हॅन, म्हणजे राहायची गाडी, म्हणूनच पास झालेली पाहिजे आणि विमा कंपनीला पण तसं कळवावं लागतंय. दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर ४७ कलमानं तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे बेळगावचा केए-२२ नंबर घेऊन महाराष्ट्रात कोल्हापूरला किती राहायचं ते पण मोजायचं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल, आम्ही तोवर सीमेवरच्या कोगनोळीवरनं इकडून तिकडं करत राहू. पोरांच्या शाळेचं विचारणाऱ्यांना सांगतो, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेची दहावी-बारावी घरबसल्या, म्हणजे गाडीबसल्या करता येते.

आता मुद्द्याचं. एवढं सगळं जमवलं पण रात्री गाडी लावायची कुठं? तयारी म्हणून एका देवस्थानाच्या पार्किंगमध्ये मुक्काम टाकला तर रात्री काच वाजवून उठवलं, इथं झोपायचं नाही म्हणून. पेट्रोल पंपावर ट्रकवाल्यांच्यात लावता येते पण पोरीबाळींना घेऊन रोज कसं राहणार. आणि संडासाचं कोणी बोलतच नाही. गाडीतल्या संडासाची टाकी वीसेक लिटरची, चौघांत दोन-तीन दिवसांत भरते, ती ओतायला पाहुण्यांच्या दारात जायचं का? गटारात ओतणारे ओततात, आम्हाला ते करायचं नाही.

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनं पण त्याच वर्षी आणलं. आपल्या बेळगाव जिल्ह्यात काय आहे? यल्लम्माच्या जत्रेला आपली माणसं बैलगाडीत भांडी, जळण, वैरण भरून सौंदत्तीला जायची, डोंगरावर संसार मांडायची, चाकावर राहणं या भागाला नवीन नाही ओ.

पर्यटन खात्याला आणि जिल्हा प्रशासनाला विनंती अशी की सौंदत्ती, गोकाक धबधबा, राजहंसगड, जांबोटी असल्या ठिकाणी चार-पाच गाड्या राहतील एवढीच जागा द्यावी, पाण्याचा एक नळ, सेप्टिक टाकीला किंवा ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेलं संडास ओतायचं एक तोंड, आणि पावसाळ्यासाठी मीटर लावलेला पंधरा अँपिअरचा एक प्लग. फुकट नको, रात्रीचे पैसे घ्या, पावती द्या. सुरुवात गोकाककडनं केली तर बरं, जूनच्या आत आम्हाला तिकडं सरकायचं आहे.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव