फिजिक्सची खिडकी, कॉम्प्युटरची खिडकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपली 'बारावीनंतर काय?' ही पुरवणी वाचली. संगणकाला अडीच पानं आणि खगोलशास्त्राला शेवटच्या पानावर एक चौकट. तिचा मथळा 'छंद जोपासा'. माझी धाकटी मुलगी बारावी सायन्सला आहे, बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषय म्हणून, तिने कॉम्प्युटर घेतलाय. तिला खगोलशास्त्र आणि संगणक दोन्ही हवंय. तिने ती चौकट कापून फ्रीजवर चिकटवली आणि 'छंद' या शब्दापुढे पेनाने मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या जॅकार्डची कार्डं पंच करण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. पुठ्ठ्याच्या पट्टीत भोक असेल तर तेवढा ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. अशा पट्ट्यांची माळ मागावर फिरली की चादरीवर फूल उमटतं. इंग्लंडच्या बॅबेजने एकोणिसाव्या शतकात आपल्या गणनयंत्रासाठी हीच भोकांची युक्ती घ्यायचं ठरवलं होतं. त्यामुळे संगणक मूळचा आमच्याच धंद्यातला, असं मी घरात ऐटीत सांगतो. मुली हसतात.

दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला तिला घेऊन नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत, काही जवळ जवळ, बाकीच्या कित्येक किलोमीटर लांबवर. मला वाटलं होतं, कुणीतरी दुर्बिणीला डोळा लावून बसलेलं असेल. तसं काही नव्हतं. या दुर्बिणीला रेडिओ लहरी कळतात, प्रकाश नाही. प्रत्येक तबकडीचा सिग्नल फायबरमधून एका इमारतीत येतो आणि तिथे संगणक प्रत्येक तबकडीची दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी जोडी लावून दोघींचे सिग्नल ताडून बघतात. मुलीने तिथेच हिशेब केला, 30 गुणिले 29 भागिले 2, म्हणजे 435 जोड्या. 'पप्पा, संगणक बंद पडला तर ही नुसती जाळी आहे,' ती म्हणाली.

आता माझ्या मनातला मुद्दा. 1967 साली केंब्रिजला जोसेलिन बेल ही विद्यार्थिनी रोज जवळपास 100 फूट कागदावरचा आलेख डोळ्यांनी तपासायची. आमच्याकडे ताग्यातला दोष शोधणारा माणूस कापडावरून नजर फिरवतो, अगदी तसं. एके दिवशी तिला एक बारीकशी खूण खटकली. तोच पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा. आज तो कागद राहिला नाही. चिलीतली रुबिन वेधशाळा एका रात्रीत 20 टेराबाइटच्या आसपास माहिती गोळा करते, म्हणजे 128 जीबीचे दीडशे मोबाइल भरून वर उरेल. हे तपासायला प्रोग्रॅमच लागणार. पण दोष कसा दिसतो हे प्रोग्रॅमला सांगायचं कुणी?

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीचे दोन किस्से यासाठी मोलाचे आहेत. 2001 साली नोंदला गेलेला एक क्षणभराचा रेडिओ स्फोट सहा वर्षं तसाच साठवणीत पडून होता. 2007 साली जुनी माहिती पुन्हा चाळताना तो सापडला आणि खगोलशास्त्रात एक नवं दालन उघडलं. त्याच दुर्बिणीला साधारण तसेच दिसणारे दुसरेही सिग्नल मिळत होते. ते कुठून येतात याचा छडा 2015 साली लागला. तिथला मायक्रोवेव्ह ओव्हन कुणी मध्येच उघडला की ते यायचे! नुसता प्रोग्रॅमर पहिला सिग्नल कचरा म्हणून पुसून टाकेल, आणि नुसता भौतिकशास्त्रवाला दुसऱ्याला तारा समजेल.

आता सोलापूरचं सांगतो. जूनच्या प्रवेशाची चौकशी म्हणून शहरातल्या एका कॉलेजात गेलो. कॉम्प्युटर हवा असेल तर ईसीएस, म्हणजे पूर्ण कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स, ती खिडकी वेगळी. फिजिक्स हवं असेल तर बी.एस्सी., ही खिडकी. दोन्ही हवं, असं म्हटल्यावर समोरच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने बाजूला झालो. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक दुय्यम विषय, आहे ना, असं विचारलं. आहे म्हणाल्या, पण दोन्हींची प्रॅक्टिकल एकाच वेळेला येतात.

या मुलांना वाट नाही असं नाही. बी.एस्सी.ला फिजिक्स-गणित पक्कं करून एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा देता येते, पुढे पीएच.डी.साठी जेस्ट. काही संशोधन संस्था बी.ई., बी.टेक. झालेल्यांनाही पीएच.डी.ला घेतात. आयआयटी इंदूरला तर खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभागच आहे. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि एनसीआरए, म्हणजे खोडदची दुर्बीण चालवणारी संस्था, सुट्टीत विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी बोलावतात. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली की दुपारच्या आत माणूस पुण्यात असतो. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्राने 2023 मध्ये तिला सुमारे 2600 कोटी मंजूर केले. तिच्या भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील, पण लहर ओळखायचं काम शेवटी गणित आणि संगणकाकडेच येणार.

शेजारी विचारतात, पोटापाण्याचं काय? प्रश्न बरोबर आहे. संशोधनातल्या जागा मोजक्या आहेत आणि तिथवर पोचायला दहा वर्षं जातात, हे मुलीपासून मी लपवलेलं नाही. पण गोंगाटातून सिग्नल वेगळा काढणं, संख्याशास्त्र, मोठी माहिती अनेक संगणकांवर वाटून चालवणं हे ज्याला येतं त्याला बँक, हवामान खातं, सॉफ्टवेअर कंपनी कुठेही काम मिळू शकतं. उलट बाजूने आलेल्याला, म्हणजे फक्त कोडिंग शिकलेल्याला, तिशीत क्वांटम मेकॅनिक्स शिकायला लावून बघा.

कॉलेजांकडे माझं एकच मागणं आहे. नवी इमारत नको, की उद्घाटनाला पाहुणे नकोत. फिजिक्स आणि कॉम्प्युटरची प्रॅक्टिकल तेवढी वेगवेगळ्या दिवशी ठेवा. आणि आपल्याला विनंती, पुढच्या पुरवणीत त्या चौकटीऐवजी आयुकात किंवा खोडदला काम करणाऱ्या एखाद्या सोलापूरच्या मुलाला किंवा मुलीला शोधून त्यांचा दिवस कसा जातो ते छापा. नाही सापडलं कुणी, तर तेही छापा.

कळावे,
एक वाचक,
सोलापूर