टॉर्च माझ्या हातात देणाऱ्या भावास

माशेल (गोवा), सप्टेंबर २०२५

प्रिय भाऊ,

नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. फोंड्याच्या वरच्या बाजारातलं लॅपटॉप-दुरुस्तीचं एका खोलीचं दुकान, बाहेर पावसात भिजलेली चटई, आत जुन्या लॅपटॉपांची थप्पी. एवढं लिहिलं तरी तुमचं तुम्हाला कळेल.

चवथ झाली, अनंत चतुर्दशीही झाली. मुंबईचे पाहुणे परतले, गणपतीवर फळं-पानं टांगायची माटोळीची चौकट माळ्यावर गेली. आज पहिल्यांदा निवांत बसले आहे, आणि तुमच्या दुकानातली ती दुपार आठवली की अजून गळा दाटतो.

तुम्ही मला फार विचारलं नाहीत, म्हणून आज सांगते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या भागातल्या, घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या तालावर म्हणायच्या घुमट आरत्या गोळा करायला लागले. आमच्याकडे चवथीची आरती घटकाभरात उरकत नाही. घुमट, शामेळ, कासाळे ही वाद्यं घेऊन माणसं बसली की तास-दोन तास उठत नाहीत. शब्द मराठी, चाल मात्र दर वाड्याची निराळी. कुणाच्या वहीत अर्धी आरती असते, उरलेली कुणाच्या तरी आजोबांच्या तोंडात. सहा वर्षं मी घरोघरी जाऊन लिहून घेतलं, रेकॉर्ड केलं, रात्री टंकलं. १४३ आरत्या झाल्या. ज्यांनी त्या म्हणून दाखवल्या त्यांतले दोघे आज नाहीत. त्यांच्या सात आरत्या त्या एका लॅपटॉपशिवाय जगात कुठेच नव्हत्या. पेनड्राइव्हवर एक प्रत होती, पण ती दीड वर्षापूर्वीची.

लॅपटॉप २०१४ चा, माझ्या मुलाने वापरून मला दिलेला. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याचा पडदा लुकलुकायला लागला. आधी क्षणभर थरथरायचा. मग आडव्या रेघा. मग मध्येच सगळं काळं, आणि झाकण मिटून उघडलं की परत जागेवर. हे दोन वर्षं चाललं.

त्या दोन वर्षांत मी तीन दुकानं केली. पहिल्याने विंडोज नव्याने घातलं, ८०० रुपये घेतले. पाचव्या दिवशी पडदा पुन्हा काळा. दुसऱ्याने स्क्रीनच गेली म्हणून ती बदलली, साडेसहा हजार. महिनाभर बरं चाललं, म्हणून मी त्यांच्या घरी नारळ आणि केळी पाठवली. पाऊस सुरू झाला आणि रेघा परतल्या. पुन्हा गेले तर म्हणाले, वापरण्यात चूक असेल. तिसऱ्या दुकानात तर झाकणही उघडलं नाही. काउंटरवरच्या मुलाने मॉडेल नंबर बघितला आणि सांगितलं, ऑक्टोबरात विंडोज १० चा सपोर्ट संपतोय, हा भंगारात द्या, नवीन घ्या. मी आरत्यांचं सांगायला लागले तर म्हणाला, "आंटी, तुम्हाला ते टेक्निकल कळणार नाही."

पैसे गेल्याचं दुःख आहेच, माझ्या पेन्शनीत साडेसहा हजार लहान नाहीत. पण ते वाक्य जास्त लागलं. तेहतीस वर्षं मी मुलांना शिकवलं. न कळणाऱ्या मुलाला कळेल असं सांगणं हेच माझं काम होतं. न कळणं हा त्या मुलाचा गुन्हा आहे असं मी कधी मानलं नाही. आणि तिन्ही ठिकाणी लॅपटॉप पडद्यामागे नेला गेला. आत काय झालं, काय काढलं, काय घातलं, कुणी दाखवलं नाही.

७ जुलैला आमच्याकडे चिखलकाला होता. देवकीकृष्णाच्या देवळाच्या पटांगणात गाव चिखलात खेळत होतं आणि मी घरात काळ्या पडद्यासमोर बसले होते. त्या दिवशी झाकण दहा वेळा उघडमीट करूनही काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलात, टॉवेल कापडी झोळीत, असं करून बसने फोंड्याला आले. म्हार्दोळ गेलं, फर्मागुडी गेली, तरी कुणाकडे जायचं हे ठरलं नव्हतं. बसमधल्या एका बाईने तुमचं दुकान सांगितलं.

तुम्ही "बसात बाय" म्हणालात आणि स्टुलावरची वायरींची गुंडाळी उचलून मला जागा केलीत. मग दोन प्रश्न विचारलेत. सुरू करताना कंपनीचं नाव येतं, तेव्हाही लुकलुकतो का? झाकण थोडं मागे-पुढे केलं की फरक पडतो का? दोन्हींचं उत्तर हो. दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. कंपनीचं नाव येतं तेव्हा विंडोज अजून उठलेलंच नसतं, मग दोष त्याचा कसा असेल, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की माझे ८०० रुपये कशात गेले ते मला तिथेच उमगलं.

त्यानंतरचं मला जन्मभर आठवेल. तुम्ही लॅपटॉप सुरू केलात. पडदा काळाच. तुम्ही उठून दुकानाची ट्यूब बंद केलीत, मोबाइलचा टॉर्च लावलात आणि काचेवर तिरका धरलात. "वाकून बघा," म्हणालात. मी वाकले. काळ्या पाण्याच्या तळाशी काही दिसावं तशी अक्षरं होती. राखाडी, पुसट, पण अक्षरं. आदल्या दिवशी मी टंकत होते ते कडवं, अर्ध्यावर राहिलेला शब्द, सगळं जिथल्या तिथे.

आणि तुम्ही टॉर्च माझ्या हातात दिलात.

तुम्हाला ते आठवतही नसेल. तुम्ही म्हणालात, "तुम्हीच धरा, सावकाश वाचा," आणि बाजूला झालात. मी तो उजेड एकेका ओळीवरून नेला. बाहेर पाऊस कोसळत होता, दाराशी दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, तुम्ही त्याला हातानेच थांबवलंत. माझे डोळे भरून आले हे तुम्ही पाहिलंत, पण पाहिल्याचं दाखवलं नाहीत. मग हळूच सांगितलंत, की चित्र वेगळं आणि त्याच्या मागचा उजेड वेगळा. काच स्वतः उजेड देत नाही, तिच्यामागे एलईडीची पट्टी असते, ती विझली आहे एवढंच. "तुमचं लिखाण कुठे गेलेलं नाही, बाय."

मला जे कळणार नाही असं सांगितलं गेलं होतं, ते मला एका मिनिटात कळलं.

त्यानंतरही तुम्ही स्क्रूड्रायव्हर उचलला नाहीत. आधी स्वतःचा मॉनिटर जोडलात. तिथे सगळं स्वच्छ दिसलं, म्हणजे आतलं मुख्य यंत्र धड आहे. मग माझ्या सगळ्या फायली दोन ठिकाणी उतरवून माझ्यासमोर उघडून दाखवल्यात आणि मगच मशीन खोललंत. दोष निघाला तो बिजागरीतून पडद्याकडे जाणाऱ्या बोटभर रुंदीच्या केबलमध्ये. अकरा वर्षं झाकण उघडमीट होऊन ती वळणावर आतून तुटत आली होती, आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. आपल्याकडे पाऊस बहुतेक दर वर्षी शंभर इंचांच्या पुढे जातो, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे त्या केसाएवढ्या पिना कशा वाचतील. स्क्रीन बदलताना ती केबल हलली, तात्पुरती नीट बसली, म्हणून तो महिना सुखाचा गेला, हेही तुम्ही उलगडून सांगितलंत. त्या दुकानाला एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. मी मात्र ठेवते. चांगल्या चालणाऱ्या पडद्याचे माझ्याकडून साडेसहा हजार घेतले आणि परत गेल्यावर चूक माझ्या माथी मारली, हे बरोबर झालं नाही.

केबल यायला चार दिवस लागले. तुम्ही ९०० रुपये घेतलेत. जुनी केबल कागदात गुंडाळून माझ्या हाती दिलीत, कुठे तुटली होती ते बोटाने दाखवून. विंडोज १० चं विचारलं तेव्हा सांगितलंत, १४ ऑक्टोबरनंतर सुरक्षेचे फुकट अपडेट थांबतील, लॅपटॉप त्या दिवशी बंद पडणार नाही. टंकायचं काम बिनधास्त करा, फक्त बँकेचं त्याच्यावर नको.

माझ्या वडिलांचं घड्याळ पणजीत एक म्हातारे गृहस्थ दुरुस्त करायचे. डोळ्यावरचं भिंग काढून बाबांना लावायला द्यायचे आणि म्हणायचे, बघा, हा दात झिजलाय. मी लहान होते, बाबांच्या मागे उभी असायचे. परत येताना बाबा रस्ताभर त्या झिजलेल्या दाताबद्दल बोलायचे. घड्याळ चालू झाल्यापेक्षा त्यांना त्याचाच आनंद जास्त असायचा. घुमट मढवणाऱ्याकडेही मी हे पाहिलं आहे. चामडं ताणताना तो गिऱ्हाइकाच्याच बोटाने थाप मारायला लावतो, नाद पटला का विचारतो. ज्याला आपलं काम येतं त्याला ते झाकून ठेवावंसं वाटत नाही, असं मला वाटतं. अशी माणसं माझ्या आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. तुम्ही माझ्या मुलापेक्षाही लहान आहात आणि त्यांच्यात आहात.

चवथीला आमच्या वाड्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली आरत्यांची पानं वाटली. चष्मा विसरलेल्यांनाही वाचता आली. दुसऱ्या रात्री एक गृहस्थ म्हणता म्हणता थांबले. ते शब्द त्यांच्या वडिलांचे होते, मी त्यांच्याकडूनच उतरवलेले, आणि ते वडील आता नाहीत. घुमटवाल्या पोरांनी ताल सोडला नाही, हलका करून चालू ठेवला. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणायला लागले.

हे पत्र घेऊन माझा भाचा येईल. सोबत डब्यात नेवऱ्या (करंज्या) आहेत, त्या नको म्हणू नका. डबा मात्र त्याच्याकडे देऊ नका, घेऊन तुम्ही माशेलला या, घरच्यांनाही आणा. तुमच्यासाठी आरत्यांची एक प्रत बांधून ठेवली आहे. बाविसाव्या पानावर कागदाची पट्टी घातली आहे. टॉर्चच्या उजेडात आपण दोघांनी वाचलेलं कडवं तिथे आहे, अर्धा राहिलेला शब्द आता पूर्ण आहे.

तुमची,
माशेलची बाय