मैदान आधी मोजा, टॉवर मग बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत काळाचौकीला आमच्या चाळीच्या मागे बंद कापड गिरणीची भिंत आहे. आत चिमणी अजून उभी आहे, भिंतीतून पिंपळ उगवलेत, पावसाळ्यात पाणी साचून डास एवढे होतात की संध्याकाळी खिडकी उघडायची सोय नाही आणि गेटवरचा वॉचमन मांजरं सोडून कोणाला आत जाऊ देत नाही. दर दोन-चार वर्षांनी बातमी येते की इथे अमुक होणार, की चाळीत चर्चा सुरू, तशी ती आताही आहे. तळमजल्यावरच्या काकांना पार्किंग पाहिजे (गाडी मुलाची, पण लावण्यावरून रोजची भांडणं काकांची), वरच्या वहिनींना पाळणाघर आणि अभ्यासिका, पोरांना मैदान, कारण ती आता तासाचे पैसे भरून टर्फवर खेळतात नाहीतर फ्लायओव्हरखाली. माझे सासरे गिरणीत साचेखात्यात (मागांवर) होते, ८२ च्या गिरणी संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. ते सगळं ऐकून घेतात आणि एवढंच विचारतात, "आणि घरांचं काय?"

चुकीचं कोणाचंच नाही. पण माझं म्हणणं, आधी मैदान मोजा, खुंट्या मारा, मग उरलेल्यात काय ते बांधा. कारण एकदा फसलोय आम्ही. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरलेले, एक पालिकेला मैदान-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला बदल केला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची, शेड असलेली जमीन त्यात धरायचीच नाही. आता गिरणीत मोकळी जागा असते तरी किती हो? सगळीकडे शेडच शेड! २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. गिरणगावात गिरण्यांची साधारण ६०० एकर जमीन होती, आता लोअर परळला जाऊन बघा, मॉल आहेत, टॉवर आहेत, पोरांनी बॅट घेऊन जायचं कुठे ते सांगा. म्हणून आता कोणी 'ओपन स्पेस' म्हणालं की मी विचारते कुठली, पोडियमवरची (टॉवरच्या पार्किंगच्या छतावरची) की रस्त्यावरून सरळ चालत आत जाता येईल अशी?

घरांचंही तेच. कामगारांना शेलू-वांगणीला घरं देतो म्हणतात. ज्याचं आयुष्य लालबाग-परळमध्ये गेलं त्याने म्हातारपणी बदलापूरच्या पुढे जायचं, आणि केईएम हॉस्पिटलला दाखवायला यायचं तर लोकलने?

मागे एकदा एका प्लॅनवर हरकत द्यायला गेले होते. सुनावणी सकाळी ११ ला, म्हणजे हाफ डे गेला, नकाशावर सगळं इंग्रजीत, साहेब म्हणाले लेखी द्या. दिलं. पोच आहे माझ्याकडे, उत्तर नाही.

तेव्हा साहेब, यावेळी सुनावणी संध्याकाळी सातनंतर आमच्या चौकात घ्या आणि नकाशा मराठीत लावा. खुर्च्या मंडळ देईल, चहा आम्ही करू. फक्त गणपतीचे दिवस सोडून या, तेव्हा तुमची गाडी लालबागपर्यंत पोचायचीच नाही.

आपली,
एक रहिवासी, काळाचौकी