बँडमध्ये वाजवण्याआधी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

पियानोच्या ग्रेड एटच्या परीक्षेनंतर बँडबरोबर वाजवायचं ठरवलंस, ठीकच आहे. अमेरिकन गायिका-पियानोवादक नीना सिमोनही बाख या शास्त्रीय रचनाकाराच्या रचना घोटूनच क्लबात शिरली. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेने तिला प्रवेश नाकारला. १९५४ मध्ये ती अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये पियानो वाजवू लागली, आणि गायलीस तरच नोकरी राहील असं मालकाने बजावल्यावर गाऊही लागली. तिचे सोलो नीट ऐक. साध्या प्रेमगीताच्या मध्येच दोन हातांच्या दोन स्वतंत्र ओळी बाखसारख्या एकमेकींच्या मागे धावतात. तुझं शिकलेलं वाया जाणार नाही, पण बरंच मोडून नव्याने बसवावं लागेल.

आधी डावा हात. एकटी वाजवतेस तेव्हा खर्ज तूच सांभाळतेस. बँडमध्ये ते काम बेसवाल्याचं. मधल्या सीपासून सप्तकभराहून खाली उतरलीस की दोघांचे सूर कालवले जातात आणि साउंडवाला तुझाच आवाज कमी करतो. म्हणून डाव्या हातात कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचा) फक्त तिसरा आणि सातवा सूर ठेव. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन वाजवायचे तर एफ-सी, एफ-बी, ई-बी. दर वेळी एकच सूर अर्ध्याने खाली सरकतो. हे बाराही पट्ट्यांत बसव, कारण गायिका ऐनवेळी ‘आज एक सूर खाली घेऊ’ म्हणणारच. कीबोर्डवरच्या ट्रान्सपोजच्या (पट्टी बदलणाऱ्या) बटणाचा मोह होईल. पुढच्या गाण्याला ते शून्यावर आणायचं राहिलं, की बँड एका पट्टीत आणि तू दुसऱ्या.

शोपाँच्या पियानोरचनांमध्ये लय किंचित ओढून धरली की जागा खुलते. ड्रमर शेजारी असताना तेच वाजवणं म्हणजे चूक. १०० च्या लयीसाठी मेट्रोनोम ५० वर लाव आणि त्याचे ठोके दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धर. सुरुवातीला चिडचिड होईल.

सूर लांबवणारं पेडल घरच्यापेक्षा निम्मंच वापर. कीबोर्ड सुरू करताना त्यावर पाय ठेवू नकोस. बऱ्याच कीबोर्डांत ते मग उलटं चालतं, पाय उचलला की सूर लांबतात. कीबोर्डचा आवाज बाहेर नेणारी एकच केबल असेल तर ती ‘लेफ्ट-मोनो’ लिहिलेल्या जागी लाव.

आता कागदपत्रं, ज्यांचा तुला कंटाळा आहे. सिमोनने पहिल्या रेकॉर्डचे हक्क ३,००० डॉलरला देऊन टाकले होते. त्यातलंच एक गाणं १९८७ मध्ये अत्तराच्या जाहिरातीत वाजलं आणि ब्रिटनमध्ये गाण्यांच्या क्रमवारीत पहिल्या पाचांत पोहोचलं. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी सेशन वाजवलंस तर ठरलेले पैसे एकदाच मिळतात, ते मान्य. पण चाल रचण्यात तुझा हात असेल, तर नाव आणि वाटा रेकॉर्डिंगच्या आधी लिहून घे. संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची संगीतकार म्हणून सभासद हो आणि तिथे गाणं नोंदव. नोंदच नसेल तर पैसे तुझ्यापर्यंत यायचे कसे?

कोणी करार पुढे केला, तर सही करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो मला पाठव.

तुझी,
आई