बाबा, त्या भिंतीवरच्या पट्टीचं उत्तर सापडलं

ती. आई-बाबा,
सा. न.

मागे व्हिडिओ कॉलवर घर दाखवत होते तेव्हा बाबा तुम्ही मधेच थांबवून विचारलंत ना, की छताच्या दीड फूट खाली ती लाकडी पट्टी कसली फिरवलीये, आणि मला काहीच सांगता आलं नाही. आई म्हणाली दिवाळीत माळा सोडायला असेल, तुम्ही म्हणालात केसिंग पट्टी असेल, वायरिंग आतून नेलं असेल. मलाही आधी तेच वाटलेलं. पण पट्टी भरीव आहे आणि वरच्या कडेला आतल्या बाजूनं छोटीशी खाच आहे, वायरला कुठेच जागा नाही. मग तीन आठवडे ते डोक्यात राहिलं, कारण हॉलच्या दोन भिंतींना आहे, पुढच्या खोलीत तीन भिंतींना आहे, आणि चौथीला नाहीच.

तर तिचं नाव पिक्चर रेल. शेजारच्या आजींनी सांगितलं, त्या याच गल्लीत पन्नास वर्षं राहतायत. मी विचारल्यावर त्या आत गेल्या आणि बिस्किटाचा जुना डबा घेऊन आल्या, त्यात पितळी हुक होते, इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले. वरचं वळण त्या खाचेत अडकवायचं, खालच्या वळणातून चेन किंवा तार सोडायची आणि तिला फोटो टांगायचा, बास. खिळा नाही, ड्रिल नाही, हुक पट्टीवरून सरकवला की फोटो डावीकडे-उजवीकडे हवा तिथे. त्यांनी चार हुक मला देऊन टाकले, पैसे घ्यायला तयारच होईनात, आई तुझ्या हातचे बेसनाचे लाडू उरलेले ते नेऊन दिले.

आता एवढा खटाटोप का, ते बाबा तुम्हाला लगेच कळेल. आमच्या घरांच्या ओळीवर दगडात १८९६ कोरलंय. त्या काळच्या इथल्या भिंतींना चुन्याचा गिलावा, आणि आतल्या काही पडद्या तर विटांच्याही नाहीत, लाकडाच्या चौकटीवर पातळ पट्ट्या आडव्या ठोकायच्या आणि त्यांच्या फटींतून चुना दाबून बसवायचा. फटीतून पलीकडे गेलेला चुना वाळला की त्याच्या जोरावर सगळा गिलावा धरून राहतो. तिथे हातोडीनं खिळा ठोकला की ती पकड सुटते आणि तुकडाच खाली येतो. आम्ही राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावायला म्हणून खिळा मारला होता आणि ताटाएवढा पोपडा पडला, तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही कारण आई काळजी करत बसली असती. पडलेला तुकडा हातात घेतला तर आत केस दिसले! घाबरलेच मी. नंतर कळलं की गिलाव्याला तडे जाऊ नयेत म्हणून घोड्याचे, गाईचे नाहीतर बकरीचे केस त्यात मळायचे. बाबा, तुम्ही वाईच्या घराचं सांगायचात ना, चुना दगडी चाकाच्या घाण्यात मळताना ताग घालायचे, गुळाचं पाणी घालायचे, हिरडा घालायचे. तेच की हे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं दाखवताना तुम्ही मला हात लावू दिला नव्हतात, म्हणाला होतात चुन्याची भिंत श्वास घेते. तेव्हा मी सातवीत होते, आता कळतंय.

अजून एक. भिंत या पट्टीनं नुसती फोटोसाठी भागलेली नाही. पट्टीच्या वरचा भाग बऱ्याच घरांत छताच्याच रंगाचा ठेवायचे, त्यानं उंच खोली जरा खाली आल्यासारखी वाटते. आणि हॉलमधे कमरेएवढी जी दुसरी पट्टी आई तुला दिसली होती ती वेगळी, ती डॅडो रेल, खुर्चीची पाठ, सामान लागून गिलावा खराब होऊ नये म्हणून. छताच्या मधलं ते कमळ पण त्याच काळचं, तिथून दिवा लटकायचा.

ज्या भिंतीला पट्टी नाही ती भिंत नंतर कुणीतरी नव्यानं बांधलीये, आत जिप्समचं प्लास्टर आहे, टकटक करून आवाज ऐकला तरी फरक कळतो. १९३० नंतर हळूहळू छतं खाली आली, घट्ट प्लास्टर आलं, खिळा सहज मारता यायला लागला आणि ही पट्टी नव्या घरांतून गेली. जुन्या घरांतली सुद्धा खूप लोकांनी उपटून टाकली, मला त्याचं फार वाईट वाटतं. पट्टी काढली की मागे उघडा पडलेला गिलावा, आणि मग तो झाकायला अजून काहीतरी.

आमची पट्टी साफ करायलाच दोन शनिवार-रविवार गेले. खाच रंगानं भरून गेली होती, हुक बसेचना. वर पांढरा, त्याखाली क्रीम, त्याखाली चॉकलेटी, आणि अगदी आत गडद हिरवा. कोरड्या पॉलिश पेपरनं घासायचं नाही हे आधीच वाचलं होतं, जुन्या रंगात शिसं असण्याची बरीच शक्यता, आणि आपलं पिल्लू अजून रांगतंय, जे मिळेल ते तोंडात. म्हणून तिला शेजारी ठेवलं, मास्क लावला, टेस्ट किट आणलं, ओल्या पेपरनं हळू घासलं आणि सगळा कचरा पिशवीत बांधला. मग वजनाचा प्रश्न. पट्टी कशावर धरलीये ते बघितलं तर विटांच्या सांध्यात लाकडी गुट्ट्या ठोकल्यात आणि त्यात खिळे, बाबा अगदी तुम्ही लाईटचे बोर्ड बसवायला ठोकायचात तशाच. पाच किलोची तांदळाची पिशवी रात्रभर टांगून ठेवली. हललीसुद्धा नाही.

आणि आता खरं ज्यासाठी एवढं लांबलचक लिहितेय ते. शेजारच्या आजींच्या घरात त्यांच्या सासूसासऱ्यांचा फोटो त्या पट्टीवरून लांब चेननं सोडलाय आणि तो वरून पुढे झुकलेला आहे. मी बघितलं आणि एकदम वाईच्या सोप्यात जाऊन उभी राहिले. आपल्याकडे नाही का, दाराच्या वर ओळीनं फोटो, खाली फळीवर टेकलेले, वर दोरीनं बांधलेले, सगळे असे वाकून खाली आपल्याकडे बघणारे. पणजोबा, आजोबा टोपी घातलेले, आणि मधे आजीची ती लक्ष्मी. लहानपणी मला वाटायचं ते मुद्दाम आपल्याकडे बघायला वाकलेत. तसं ते असतंच, उंचावरचं चित्र पुढे झुकवलं की खाली उभ्या माणसाला नीट दिसतं आणि काचेवर खिडकीचा उजेड चमकत नाही. एवढं लांबचं घर, तरी फोटो टांगायची रीत एकच.

ती लक्ष्मी रवि वर्मांच्या छापखान्यातली आहे असं आजी सांगायची. तो छापखाना १८९४ ला गिरगावात निघाला, पुढे मळवलीला हलवला. म्हणजे हे घर बांधायच्या दोनच वर्षं आधी. वाईचं घर विकलं तेव्हा सगळ्या फ्रेमा गोणपाटात गुंडाळून तुम्ही माळ्यावर ठेवल्यात, त्याला आता बारा वर्षं झाली. आई, तुला उतरवायला सांगत नाहीये, शिडीवर तू चढायचं नाहीस, दादा आला की त्याला सांग. फक्त एकदा उघडून बघा कागदाला वाळवी किंवा ओल लागली नाही ना. काच काढायला जाऊ नका, कागद काचेला चिकटलेला असला तर फाटेल.

मे महिन्यात तुम्ही येताय तर ती लक्ष्मी आणि आजोबांचा टोपीतला फोटो, दोनच, हातातल्या बॅगेत आणाल का? बाकीचे तिथेच राहू देत, ते दादाच्या घरचे. पुढच्या खोलीत खिडकीच्या समोरची भिंत मी मोकळी ठेवलीये. पिल्लूला कडेवर घेतलं की तिला बरोबर दिसेल, आणि आई तुला रोज फूल वाहायला हात पुरेल एवढ्या उंचीवर घेईन, चेन लांबवली की झालं.

तर बाबा, दोन्ही फ्रेमांची लांबी-रुंदी टेपनं मोजून व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि आजीच्या वजनकाट्यावर ठेवून वजन पण. मागे तारेला कड्या आहेत का नुसती दोरी, तेही बघा. म्हणजे त्या मापाची चेन आणून ठेवते.

गुडघ्याला तेल लावत जा दोघांनी.

तुमची,
मनू